सव्वादोन मीटर जास्वंद

काकूंनी पिशवीतून कापड काढून माझ्या टेबलावर पसरलं, तेव्हा माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी आधी कापडाकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. गडद निळी जमीन, तिच्यावर लाल आणि पिवळ्या जास्वंदी. टेप लावून पाहिली: एका पाकळीच्या टोकापासून समोरच्या पाकळीच्या टोकापर्यंत नऊ इंच.

"ताई, ट्युनिक शिवायचाय. कुर्ता नको, गुडघ्यापर्यंत नको. पँटवर घालता येईल असा. आणि ओढणीशिवाय घालता आला पाहिजे, एवढं बघा."

ओढणीचं काय मध्येच, असं मी विचारायच्या आत त्यांनी त्याच पिशवीतून दुसरा एक कुर्ता काढला. मोतिया रंगाची जमीन, राणी रंगाची मोठी गुलाबं. शिलाई नीट होती, गळा बसलेला होता, बाह्यांना एकही चुणी नाही. फक्त दोन गुलाबं बरोब्बर दोन जागी आली होती. कुठे, ते सांगायची गरज नाही. कुर्ता शिवून दोन वर्षं झाली होती आणि काकूंनी तो एकदाही ओढणी न घेता घातला नव्हता. उन्हाळ्यातसुद्धा नाही.

ज्याने तो शिवला त्याचं मापात काहीच चुकलं नव्हतं. कापड दुहेरी घडी घालून, किनारीला किनार लावून बेतलं, जसं आपण सगळेच रोज बेततो. बारीक बुट्टीचं कापड असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मोठ्या फुलांच्या कापडात मात्र घडी जिथे पडते तिथे अंगाचा मध्य येतो, आणि घडी दोन फुलांच्या मध्ये पडली की दोन फुलं दोन्हीकडे सारख्या अंतरावर जातात. छातीवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर बहुतेक बायकांचं सात ते नऊ इंच असतं. मोठ्या प्रिंटमधल्या फुलांचं अंतर पुष्कळदा त्याच्याच आसपास. बाकीचं आपोआप होतं.

काकू एकसष्ट वर्षांच्या, बँकेतून निवृत्त. छाती ४२, कंबर ३८, सीट ४४, शोल्डर १५. उंची ३२ इंच ठरली, बाही पाऊण, म्हणजे त्यांच्या हाताला १६. बाजूला लहानसा कट. कापड सव्वादोन मीटर, पन्ना, म्हणजे रुंदी, ४४ इंच. लक्ष्मी रोडवरच्या सेलमधला कटपीस होता, म्हणजे अजून पाव मीटर आणा म्हणायची सोय नाही. आहे त्यातच भागवायचं.

कापड आधी वाचायचं

आमच्या आजीच्या तोंडी अशा छापील सुती कापडाला एकच शब्द होता, चीट. चिटाचं परकर-पोलकं, चिटाची गोधडी. इंग्रजांनी हाच शब्द उचलून त्याचं चिंट्झ केलं. सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात जाणारा माल पाहिला तर सर्वांत मोठी झाडं-फुलं सापडतात ती पलंगपोसांवर. तिकडे त्या शब्दाचंही पालमपोर झालं. मोठी नक्षी सपाट जागेसाठी काढलेली असते, पलंगासाठी, भिंतीसाठी. आपण ती उचलतो आणि उंचवटे असलेल्या, वळणाऱ्या, बसणाऱ्या माणसावर घालतो. मग ती नक्षी कुठे वळेल आणि कुठे तुटेल हे आधी कोणीतरी ठरवायला हवं ना. छापणाऱ्याने ते ठरवलेलं नसतं, म्हणून शिवणाऱ्यावर येतं.

पहिलं काम, फूल मोजणं. एका लाल फुलाच्या मध्यापासून खालच्या तशाच लाल फुलाच्या मध्यापर्यंत टेप लावली: २५ इंच दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणजे ६४ सेंटिमीटर, आणि हा आकडा पाहून मला बरं वाटलं, कारण तो ओळखीचा आहे. रोटरी छपाईत बारीक छिद्रांची निकेलची नळी कापडावरून फिरते आणि त्या नळीचा सर्वांत प्रचलित परीघ ६४ सेंटिमीटर असतो. नळीचा एक फेरा झाला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बाजारातल्या बऱ्याच छापील कापडांत नक्षी ६४ सेंटिमीटरने, नाहीतर त्याच्या निम्म्या-पाव भागाने परत येते. दुकानात उभ्या उभ्या हे मोजून घेतलं तर किती कापड घ्यायचं ते तिथेच कळतं. पण दुकानात फुलं मोजणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही, आणि मी मोजायला लागले की दुकानदार माझ्याकडे संशयाने बघतो.

मग कापड रात्रभर पाण्यात. मीठ-तुरटी घातली की रंग पक्का होतो हे मी शिवणाच्या क्लासपासून ऐकत आले आहे. छापतानाच पक्का न झालेला रंग मिठाने काही पक्का होत नाही, जादा असेल तो पाण्यात निघून जातो एवढंच. पहिलं पाणी जांभळट आलं, दुसरं फिकट, तिसरं स्वच्छ. ओला पांढरा रुमाल लाल फुलावर घासला, डाग आला नाही. वाळवून मोजलं तर लांबी साडेअठ्ठ्याऐंशी इंचांवरून ८६ वर आली होती, पन्ना ४३ झाला होता. कापडाबरोबर नक्षीही आटली: २५ इंच दीड सुताचं साडेचोवीसला अर्धं सूत कमी. म्हणून नक्षीचं खरं माप भिजवल्यानंतरचंच. आधीच्या मापावर कागदावर गणित मांडलं असतं तर दोन फेऱ्यांत दीड इंचाचा घोळ झाला असता.

आणखी एक भानगड निघाली. फुलांची आडवी ओळ आणि कापडाचा आडवा धागा एका रेषेत नव्हते. एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत जाताना ओळ पाऊण इंच खाली उतरत होती. कारखान्यात कापड ताणून सुकवतात तेव्हा एक किनार पुढे आणि एक मागे राहिली की असं होतं. कापड ओलं असतानाच मुलीला समोरचे दोन कोपरे धरायला लावले आणि दोघींनी मिळून तिरपं ओढलं, जसं आपण धुतलेली चादर झटकण्याआधी ओढतो. पाऊण इंचाचं तीन सूत झालं. ते तीन सूत तसंच राहणार होतं. मी ठरवलं की उभा मध्य धाग्यावर घ्यायचा, कारण कापड लोंबतं धाग्याने. आणि बाजूच्या शिवणी जुळवायच्या फुलांवर, कारण डोळा बघतो फुलं. तिरपेपणा इंचभराच्या वर असता तर मी हे कापड शिवायला घेतलंच नसतं.

गणित

आता नक्षीची रचना. पन्न्यात आडवी चार फुलं, एकमेकांपासून पावणेअकरा इंचांवर. एक ओळ लाल, तिच्याखाली सव्वाबारा इंचांवर पिवळी, आणि पिवळी फुलं लाल फुलांच्या मधोमध सरकवलेली. विटांच्या भिंतीसारखं. सगळ्या देठांची टोकं खाली, म्हणजे एकही तुकडा उलटा लावता येणार नाही.

अशा रचनेत गंमत अशी असते की मध्य कुठेही घ्या, जोडी टळत नाही. मध्यरेषा पिवळ्या फुलांवरून नेली तर पिवळ्या ओळीत एक फूल मधोमध येतं, पण वरच्या आणि खालच्या लाल ओळीत दोन फुलं मध्यापासून सारख्या अंतरावर, पाच इंच तीन सुतांवर बसतात. लाल फुलांवरून नेली तर उलट. काकूंच्या छातीचे बिंदू मध्यापासून सव्वाचार इंचांवर. म्हणजे जोडीची ओळ त्या पातळीला येऊ द्यायची नाही, ती पोटावर, सीटवर, कुठेही गेली तरी चालेल. छातीच्या पातळीला एकट्या फुलाची ओळ हवी. नुसता आडवा मध्य शोधून भागत नाही, वर-खालचंही तितकंच महत्त्वाचं. त्या मोतिया कुर्त्यात दोन्ही गोष्टी नशिबावर सोडलेल्या होत्या.

काकूंच्या शोल्डरपासून छातीचा बिंदू साडेदहा इंच खाली. गळा गोल, पाच इंच खोल ठेवला, तर साडेदहावर मध्य असलेलं नऊ इंची फूल सहा इंचांवर सुरू होतं, म्हणजे गळ्याखाली अख्खं मावतं. फुलाचा गाभा मधोमध, पाकळ्या दोन्हीकडे पसरलेल्या. नजर मध्ये थांबते. हे छान जमत होतं. व्ही गळा असता तर फुलाचे दोन तुकडे झाले असते, तो काकूंनी मागितला नाही हे माझं नशीब.

आता कापडावर बघू. दुकानदाराने जिथे कात्री लावली होती तिथून पहिल्या लाल फुलाचा मध्य चार इंचांवर, म्हणजे ते फूल वरून किंचित कापलेलं. पिवळ्याचा सव्वासोळावर. पिवळं फूल छातीवर घ्यायचं तर शोल्डर पावणेसहावर येतो, आणि अर्धा इंच शिलाईचा धरून पुढचा भाग सव्वापाचावर सुरू होतो. उंची ३२, खाली दोन इंच दुमड, सगळं मिळून साडेचौतीस. संपला पावणेचाळीसवर.

मागचा भाग शेजारी बसणार नव्हता. ए-लाइनमुळे, म्हणजे खाली पसरत जाणाऱ्या बेतामुळे, खालचा घेर पुढे एकोणतीस इंच, मागे तेवढाच, पन्ना त्रेचाळीस. मग तो खालीच घ्यायचा. पण कुठूनही नाही. बाजूच्या शिवणीत पुढचं-मागचं फूल एकाच पातळीला यायला हवं, तर मागचा भाग पुढच्यापेक्षा नक्षीच्या पूर्ण फेऱ्याइतका खाली हवा. एक फेरा खाली घेतला तर दोन्ही भाग एकमेकांवर दहा इंच चढतात. दोन फेरे घेतला तर मागचा भाग साडेअठ्ठ्याऐंशीच्याही पुढे जातो. कापड ८६.

अडीच इंच कमी. शिवाय बाह्यांना मध्ये उरणाऱ्या चौदा इंचांत बसवायचं तर पाऊण बाही विसरा.

मी काकूंना फोन केला आणि तीन गोष्टी सांगितल्या. एक, उंची अडीच इंच कमी करायची आणि बाही कोपराच्या वर ठेवायची. दुसरी, बाजूच्या शिवणी जुळल्या नाहीत तरी चालतील म्हणायचं; कपडा होईल, पण काखेखाली अर्ध्या लाल फुलाला अर्धं पिवळं फूल चिकटेल. तिसरी, पाठीवर वर साध्या निळ्या कापडाचा योक, म्हणजे खांद्याखालचा वेगळा जोडलेला तुकडा, घालायचा.

"योक म्हणजे पाठ ठिगळासारखी दिसेल का हो?"

"पुढे त्याचा निळा कुठेतरी परत आणला तर नाही दिसणार."

"मग आणा."

तिसऱ्या वाटेचं गणित मला रात्री अंथरुणावर सुचलं होतं, ते इथे मांडते कारण ते पुष्कळदा उपयोगी पडतं. मागचा भाग एकच फेरा खाली घेतला तर वरचे दहा इंच पुढच्या भागात अडकलेले असतात. पण दोन्ही भागांची खालची दोन इंच दुमड काढून टाकून तिथे साध्या कापडाची आतली पट्टी लावली तर दीड इंच सुटतो. उरले साडेआठ. काकूंचा मुंढा, म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतची खोली, पावणेनऊ. म्हणजे साडेआठ इंचांचा योक साधा केला की काखेच्या दोन सूत वरपासून खाली सगळी पाठ फुलांची होते, आणि बाजूची शिवण पूर्णपणे फुलाला फूल. शिवाय मागचा भाग पावणेत्रेसष्टला संपतो आणि खाली सव्वातेवीस इंच कापड शिल्लक. पाऊण बाह्या त्यात आरामात. अडीच इंच कमी पडत होतं, आता साडेपाच उरायला लागलं.

साध्या निळ्यासाठी रविवार पेठेत गेले. फुलांच्या कापडाची चिंधी घेऊन दुकानाच्या दारात उन्हात तीन निळे लावून पाहिले. ट्यूबलाइटखाली जो अगदी तोच वाटला होता तो बाहेर जांभळा निघाला. पाऊण मीटर घेतलं, तेही भिजवलं.

कागद आणि कात्री

बेचाळीस छातीला टक्सशिवाय, म्हणजे कापडात घेतलेल्या निमुळत्या चिमटीशिवाय, मुंढा उघडतो, तेव्हा टक्स हवाच. पण तो नेहमीसारखा काखेखालून बाजूच्या शिवणीत घेतला तर पुढची बाजू टक्साएवढी वर खेचली जाते, आणि फुलांची पातळी टक्साच्या वर तरी जुळते किंवा खाली तरी. दोन्हीकडे नाही. शिवाय तो बाजूच्या फुलाचं पोट फाडत गेला असता. म्हणून बटर पेपरवरच तो टक्स मिटवून गळ्याकडे फिरवला, आणि गळ्याला मधोमध बारीक चुण्या केल्या. मग बाजूच्या शिवणी काखेपासून खालपर्यंत पुढे-मागे सारख्या लांबीच्या झाल्या.

बटर पेपर वापरायचं कारण, त्यातून खालचं दिसतं. कागद कापडावर ठेवून फुलांच्या बाह्यरेषा पेन्सिलने त्याच्यावरच काढल्या. पुढच्या कागदावर काखेपाशी जिथे फुलाची कड येते तिथे खूण, तीच खूण मागच्या कागदावर, आणि मागचा कागद ठेवताना ती खूण तशाच फुलाच्या तशाच पाकळीवर. टेपपेक्षा हे विश्वासाचं. तीन सुतांचा तिरपेपणा असल्याने डाव्या आणि उजव्या बाजूला मला दीड-दीड सूत इकडे-तिकडे करावं लागलं, ते या खुणांमुळेच कळलं.

अख्ख्या कागदाचा पुतळ्यावर अंदाज घेतला, मग आठ फूट लांब जाऊन पाहिलं. मोठ्या प्रिंटचं काम जवळून कधीच कळत नाही. मुलगी म्हणाली, "ताई, फूल थोडं गळ्याला चिकटल्यासारखं वाटतंय." वाटत होतं खरं. पण फूल खाली न्यायचं तर शोल्डर वर घ्यावा लागतो, तेव्हा गळा दोन सुतांनी कमी खोल केला. तेवढ्याने पुरलं.

कापड एकेरी पसरून, सुलट बाजू वर ठेवून कापलं. घडी नाही. पुढचा भाग, मागचा भाग, सगळं अख्ख्या कागदावर. कात्री लावायच्या आधीच पावणेदोन तास गेले होते. साधी कुर्ती तेवढ्या वेळात कापून अर्धी शिवून होते.

बाह्यांना मी लाल फूल घेतलं, कारण छातीवर पिवळं. ते फूल मुंढ्याच्या वरच्या टोकापासून बारा इंच खाली ठेवलं. दहावर ठेवलं असतं तर हात खाली सोडल्यावर डावी बाही, छाती, उजवी बाही अशी एका ओळीत फुलं आली असती, आणि अंगाला आडवा पट्टा बांधल्यासारखं दिसलं असतं. बारावर फूल कोपराच्या आसपास येतं आणि बाहीच्या टोकाला जवळजवळ पूर्ण मावतं. दोन्ही बाह्या साडेएकवीस इंचांच्या अंतराने, दोन्हींना तेच फूल तिथेच. फार सुरेख बसल्या. मी खुशीत होते.

मुंढा जोडायला घेतला तेव्हा कळलं की दोन्ही बाह्या डाव्या आहेत.

एकेरी कापडावर बेतताना दुसरी बाही कागद उलटा करून कापायची असते. घडीच्या कापडात हे आपोआप होतं, म्हणून हाताला ती सवयच नसते. दोन सारखी फुलं दोन सारख्या बाह्यांवर बसवण्याच्या नादात मी कागद उचलला आणि होता तसाच सरकवला. बाहीच्या पुढच्या बाजूचा मुंढा मागच्यापेक्षा तीन-चार सूत आत खोदलेला असतो. तशी बाही उजवीकडे लावली तर खोदलेली बाजू पाठीकडे जाते, आणि हात पुढे केला की पाठ ओढते. कोणाला सांगता येत नाही काय चुकलंय, पण घालणारीला दिवसभर कळत राहतं. कित्येक जणी "हा ड्रेस मला का कोण जाणे आवडत नाही" म्हणतात त्यातले काही असे असणार.

कापड उरलं होतं ते त्रिकोणी तुकड्यांचं आणि पट्ट्यांचं, अख्खी बाही निघण्यासारखं नाही. मुलगी हळूच म्हणाली, "तशीच लावली तर?" नाही.

मग बाही टेबलावर ठेवली, कागद या वेळी उलटा केला आणि बाहीवरच पाऊण इंच खाली सरकवला. वर मुंढ्याची कमान निमुळती असते, त्यामुळे खाली सरकलं की खोदलेल्या बाजूलाही कापड मिळतं. दंडाची रुंदी दोन सूत कमी भरत होती, ती शिलाईत जिरवली. नवी कमान कापली. उजवी बाही उजवी झाली, पण पाऊण इंच आखूड. डावीही पाऊण इंचाने खाली उतरवली, नाहीतर फुलं वर-खाली दिसली असती. आणि दोन्ही बाह्यांच्या टोकाला साध्या निळ्याची सव्वा इंची पट्टी. पुढे निळा परत आणते असं काकूंना सांगितलं होतं तेव्हा माझ्या डोक्यात गळ्याची पायपिंग होती. ती आता केली नाही, जास्त झालं असतं.

शिवण

यात सांगण्यासारखं थोडंच. बाजूच्या शिवणींना आधी कच्चा धावदोरा, फुलाच्या कडेला कड लावून, मगच मशीन. टाचण्यांवर भरवसा ठेवला तर खालचा थर मशीनच्या दातांनी पुढे ढकलला जातो आणि शेवटी दोन सुतांचा फरक पडतो. वरून दिसणारी शिलाई कुठेच नाही, कारण निळा दोरा निळ्या जमिनीवर लपतो आणि पिवळ्या पाकळीवर आला की ओरडतो. खालची आतली पट्टी हाताने हेम केली. योकची शिवण काखेच्या अगदी जवळ येत असल्याने तिथला जादा कपडा पायरीपायरीने कापला, नाहीतर काखेत गाठ टोचते.

बाजूची फुलं कशी जुळली ते सांगते, कारण तिथे पूर्ण यश नाही. बाजूच्या फुलाचा मध्य अंगाच्या मध्यापासून पावणेअकरा इंचांवर, आणि शिवण साडेअकरावर. म्हणजे पुढून निम्म्याहून पाऊण इंच जास्त फूल, मागूनही तितकंच. दोन्ही मिळून काखेखाली एक फूल झालं खरं, पण नऊऐवजी साडेदहा इंच रुंद. जरा खात्यापित्या घरचं. बरोब्बर नऊचं करायचं तर सैलपणा इंचावर आणावा लागला असता, आणि काकूंना रिक्षात चढता आलं नसतं. हात खाली असताना ते दिसत नाही, वर केला तर दिसतं.

ट्रायल

काकू आल्या, आत जाऊन घालून आल्या, आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. सवयीने डावा हात खांद्याकडे गेला, ओढणी सारखी करायला. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी हात खाली घेतला.

गळ्याच्या चुण्यांमुळे फुलाच्या वरच्या दोन पाकळ्या किंचित मिटल्यासारख्या दिसत होत्या. मला ते खटकलं. काकू म्हणाल्या, "सकाळी सहाची जास्वंद आहे, पूर्ण उमललेली नाही अजून." मी ते तसंच ठेवलं. बसून पाहायला सांगितलं, बसल्यावर लाल जोडी मांडीच्या वर आली, ठीक. हात पुढे करायला सांगितला, उजवा दोनदा. पाठ ओढली नाही.

"बाह्यांची ती निळी पट्टी फार छान सुचली हो तुम्हाला."

मुलगी कपाटाकडे तोंड करून दोऱ्यांची रिळं लावायला लागली. मी खरं काय ते सांगितलं, दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या म्हणून. काकूंनी दोन्ही हात समोर धरले, इकडून तिकडून पाहिले. "आता कुठली कुठे आहे?" "आता जागच्या जागी." मजुरी मी साध्या कुर्तीच्या दुप्पट आधीच सांगितली होती. त्या चुकीचे दोन तास मी त्यात धरले नाहीत, बाकीचे धरले.

दोन महिन्यांनी परत आल्या. चार-पाच धुण्यांनंतर योकचा साधा निळा फुलांच्या जमिनीपेक्षा अर्ध्या छटेने उतरला होता, उन्हात उलटा न वाळवल्यामुळे असावं. पाठीवर असल्याने त्यांना दिसत नव्हतं, मला लगेच दिसलं. त्यासाठी त्या आल्या नव्हत्या. मोतिया कुर्ता घेऊन आल्या होत्या: याचं काही करता येईल का?

मी तो टेबलावर पसरला. बाजू उसवून आत घेतल्या तरी फुलं तिथेच राहणार. वरून लेस लावली तर दोन फुलं आणि वर लेस. मागचा भाग पुढे घेता येतो का तेही पाहिलं. मागेही तीच घडी, तीच जोडी. अंगावर घालण्यासाठी त्याचं काहीच होण्यासारखं नव्हतं.

पुढचा भाग कापून काढला. प्रत्येक गुलाब मधोमध धरून चौकोन आखले, मागून तसेच दोन. दोन उशांचे दोन अभ्रे निघाले.